थोरलीचं लॉगिन

१

ऑफिसात त्यांना सगळे मास्तरीणबाई म्हणत. शाळेत त्यांनी एक दिवसही शिकवलं नव्हतं. पण कुणाच्या टिपणातली ऱ्हस्व-दीर्घाची चूक आणि कुणाच्या प्रोग्रामातली भानगड त्यांना लांबून दिसायची, आणि दिसली की त्या गप्प बसायच्या नाहीत.

शहराच्या खाट-वाटप केंद्राचा प्रोग्राम त्यांनीच लिहिलेला, एकोणतीस वर्षांपूर्वी. बावीस रुग्णालयांत कुठली खाट रिकामी आहे आणि आलेल्या रुग्णाला कुठली द्यायची, ते तो सांगे. रुग्णालयानं फोन करायचा, केंद्रातल्या ऑपरेटर बायकांनी टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत रकाने भरायचे, एंटर दाबायचं आणि आलेलं उत्तर फोनवर वाचून दाखवायचं. एक विचारणा, एक उत्तर, व्यवहार पुरा.

आता हे सगळं इंटरनेटवर न्यायचं होतं. जुन्या प्रोग्रामाला हात लावायचा नाही, फक्त त्याच्यापुढे एक नवा थर उभा करायचा असं ठरलं. रुग्णालयाचा संगणक या थराला विचारणार. थर ऑपरेटरचं सोंग घेऊन जुन्या प्रोग्रामात लॉगिन करणार, रकाने भरणार आणि उत्तर परत पाठवणार. टीमनं त्याचं नाव ठेवलं दुभाषा.

"जुन्या प्रोग्रामाला कळणारसुद्धा नाही की समोर माणूस नाही," प्रकल्पप्रमुखांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं. त्यांच्या दर वाक्यात 'डायरेक्ट' असायचं, म्हणून त्यांचं नाव डायरेक्टसाहेब पडलं होतं. "फोन नाही, टायपिंग नाही, मधली माणसंच नाहीत. डायरेक्ट!"

'मधली माणसं' म्हणताना त्यांनी माशी हाकलावी तसा हात हलवला होता. तो मास्तरीणबाईंच्या मनात रुतून बसला.

चाचणीच्या तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. मास्तरीणबाई नेहमीसारख्या पावणेनऊला आल्या, खिडकी उघडली, चहाचा कप कागदांपासून हातभर लांब ठेवला आणि आदल्या दिवशीच्या चाचण्यांची यादी वाचायला बसल्या. दिवसाला चाळीसेक विचारणा असायच्या. उत्तरं सगळी बरोबर होती. तेविसाव्या ओळीवर मात्र त्यांची पेन्सिल थांबली.

रुग्णालय नऊ, वॉर्ड चार, खाट चौदा. शेरा: खिडकीशी.

शेऱ्याचा रकाना त्यांनी एकोणतीस वर्षांपूर्वी 'लागला तर असावा' म्हणून ठेवला होता. तो कधी लागला नाही. प्रोग्राम त्यात काही लिहीतच नसे. आणि खिडकी कुठे आहे, हे तर त्या प्रोग्रामाला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

२

त्यांनी रुग्णालय नऊला फोन लावला. वॉर्ड चारची परिचारिका म्हणाली, "हो, चौदा नंबर खिडकीशीच आहे. का हो?"

"काही नाही," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

योगायोग असेल. दुभाषा लिहिणाऱ्यांपैकी कुणीतरी गंमत केली असेल. मास्तरीणबाईंनी प्रोग्रामाचे सगळे कागद काढले आणि दोन दिवस मान मोडून वाचले. शेऱ्यात लिहिणारी एकही ओळ सापडली नाही. असती तर ती त्यांचीच असती, आणि स्वतःची ओळ विसरायला त्या काही कवी नव्हत्या.

तोवर आणखी दोन शेरे आले. 'दाराजवळ, पण वारा लागत नाही.' आणि 'शेजारची घोरते.'

मग त्यांचं लक्ष वेळेकडे गेलं. जुना प्रोग्राम पापणी लवायच्या आत उत्तर देई. यादीत दर उत्तराला चार ते सात सेकंद लागलेले. कधी चार, कधी साडेसहा. यंत्र असं लहरीनं वागत नाही. उशीर करायचाच तर सारखा करतं. शिवाय रोज दुपारी एक वाजून दहा मिनिटांपासून एक पस्तीसपर्यंत एकाही विचारणेला उत्तर नव्हतं. पस्तीसनंतर साठलेली सगळी उत्तरं ओळीनं, निमूटपणे आलेली.

त्या यादी घेऊन डायरेक्टसाहेबांकडे गेल्या. साहेबांनी कागद पाहिले, मग त्यांच्याकडे पाहिलं, आणि दार लोटून घेतलं.

"मॅडम, स्पष्टच बोलतो. प्रोग्राम तुमचा. आत काय आहे ते फक्त तुम्हालाच ठाऊक. सेवा सुरू व्हायला पंधरा दिवस उरलेत आणि आत्ताच हे शेरे निघतायत. वरच्यांनी याचा अर्थ काय घ्यायचा?"

"म्हणजे मी मुद्दाम घातलंय म्हणता?"

"मी कुठं म्हणतोय? आपली वस्तू दुसऱ्याच्या हाती जाताना माणसाला त्रास होतो, एवढंच."

मास्तरीणबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकोणतीस वर्षांत त्या प्रोग्रामानं एकाही रुग्णाला चुकीची खाट दिली नव्हती, आणि आता हा कालचा माणूस त्यांना चोर ठरवत होता. "साहेब," त्या म्हणाल्या, "मला त्रास द्यायचा असता तर तुम्हाला तो वाचता आला नसता." आणि दार उघडंच टाकून निघून आल्या.

३

दुसऱ्या दिवशी त्या जुनी माहितीपुस्तिका शोधायला तळमजल्यावर गेल्या. ऑपरेटरांचा हॉल तिथेच होता. चार टर्मिनलं अजून चालू होती. हॉलच्या पुढे एक लहान कॉरिडॉर, आणि कॉरिडॉरच्या टोकाशी टर्मिनल सातची खोली. अवघड फोन आले की मुख्य ऑपरेटर तिथे दार लावून बसायची. आता त्या खोलीत मोडक्या खुर्च्या ठेवत. दुपारचे बारा वाजून गेले होते. दिवे चालू होते, बाहेर कुणीतरी शिंकलं, सगळं नेहमीसारखं.

कॉरिडॉरच्या मध्यावर त्यांना आवाज आला. टक टक, टक. टक टक टक. मग जरा थांबून, दण्ण.

तीन बोटांनी टायपिंग करून शेवटी एंटरवर अंगठा आपटायची सवय त्या इमारतीत एकाच बाईला होती. तिच्या शेजारी त्यांनी अठ्ठावीस वर्षं काढली होती. ती जाऊन वर्ष होत आलं होतं.

एसीचा पाइप असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. जुन्या इमारतीत पाइप वाजतातच. पाइप टक टक करतो, कबूल. पण तो दर वेळी शेवटी दणका कसा देईल?

त्यांनी दार उघडलं. आवाज बंद. एकावर एक रचलेल्या खुर्च्या छतापर्यंत गेल्या होत्या. मधे जुनं टेबल, त्याच्यासमोर एक धड खुर्ची आणि टेबलावर टर्मिनल. टर्मिनलची वायर गुंडाळून, सुतळीनं बांधून त्याच्याच डोक्यावर ठेवलेली. वीज नाही, जोडणी नाही.

खोली शांत होती. पण रिकाम्या खोलीची ती शांतता नव्हती. आपण आत गेल्यावर कुणीतरी काम अर्धवट थांबवावं आणि आपण कधी जातो याची अदबीनं वाट पाहावी, तसली होती.

त्यांनी दार ओढून घेतलं. सहा पावलं गेल्या नसतील, तोच मागे पुन्हा सुरू झालं. टक टक, टक. दण्ण.

त्या वळल्या नाहीत. वर आल्यावर त्यांनी यादी पाहिली. बारा वाजून चौदा मिनिटांनी एक विचारणा आली होती. उत्तराला नेहमीचे पाच-सहा नाही, एकोणचाळीस सेकंद लागले होते. त्या दार उघडून उभ्या होत्या, तेवढेच.

४

"दुभाषा लॉगिन कुणाचं वापरतो?" त्यांनी डायरेक्टसाहेबांना टीमच्या सगळ्यांसमोर विचारलं. हे आधीच विचारायला हवं होतं, असं त्यांना नंतर फार वाटलं.

"ऑपरेटर शून्य-सात. नव्या लॉगिनला सात सह्या लागतात मॅडम, दोन महिने जातात. हे चालू होतं, कुणी वापरत नव्हतं. डायरेक्ट घेतलं."

"ते थोरलीचं आहे."

थोरली म्हणजे मुख्य ऑपरेटर. केंद्र सुरू झालं तेव्हा त्या दोघीच होत्या. प्रोग्राम लिहिणारी वयानं लहान म्हणून धाकटी आणि चालवणारी ती थोरली. पुढे माणसं वाढली, धाकटीची मास्तरीणबाई झाली. पण दोघीच असताना थोरली तिला 'धाकटे' अशीच हाक मारायची. बावीस रुग्णालयांतली खाट न खाट तिला तोंडपाठ होती. पडद्यावर उत्तर आलं की फोनवर पुढचं ती आपल्या पदरचं सांगे: "खिडकीशी आहे हो, आजोबांना उजेड मिळेल."

"साहेब, ती बाई मेलीय," मास्तरीणबाई म्हणाल्या.

"म्हणूनच तर. तक्रार कोण करणार? मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही." साहेब हसले. एक-दोघं त्यांच्यासोबत हसले.

मास्तरीणबाई तिथून उठल्या त्या थेट आस्थापना विभागात गेल्या आणि थोरलीची फाइल मागितली. तिच्या पोटात गाठ होती. ऑपरेशनसाठी तिनं तीन वर्षांत तीन वेळा दीड महिन्याची रजा मागितली होती. तिन्ही अर्ज फाइलीत होते, आणि तिन्हींवर एकच शिक्का: 'पर्यायी व्यवस्था होईपर्यंत कार्यमुक्त करता येत नाही.' तिसऱ्या अर्जावर शिक्का बसल्यावर सातव्या महिन्यात ती गेली. मग आठ दिवसांत टर्मिनल सातचे फोन उरलेल्या चार टर्मिनलांवर वळवून टाकले. कुणाचं काही अडलं नाही. तीन वर्षं जी व्यवस्था होत नव्हती, ती आठ दिवसांत झाली.

कारकून खालच्या आवाजात म्हणाला, "बाई, या फाइलीत एक राहिलंय बघा. माणूस गेलं की कार्यमुक्तीचा आदेश निघतो. हिचा निघालेलाच नाही. कागदोपत्री बाई अजून कामावर आहेत."

मास्तरीणबाईंना राग आला, पण तो सगळा दुसऱ्यांवर काढता येईना. तिसरा अर्ज नामंजूर झाला त्या दिवशी त्या स्वतःच थोरलीला म्हणाल्या होत्या, "अगं, थोडी कळ काढ. नवी यंत्रणा आली की सुटशील."

५

रविवारी सकाळी त्या थोरलीच्या घरी गेल्या. दोन खोल्यांचं घर होतं. थोरलीचा नवरा शिंपी. खिडकीपाशी मशीन टाकून अजून काम करायचा. त्याला त्या भावोजी म्हणत. भावोजींनी कोटाचं अस्तर बाजूला ठेवलं, चहा केला आणि कप हातात देत एकदम म्हणाले, "बरं झालं आलात. मी तुम्हालाच विचारणार होतो. ऑफिसात काही सुरू झालंय का?"

"काय सुरू व्हायचंय?"

"हसाल तुम्ही."

"नाही हसत. सांगा."

भावोजी मशीनच्या चाकाशी बोटानं चाळा करत राहिले. "ती गेल्यावर घर रिकामं वाटायला हवं होतं ना? नाही वाटलं. ती इथंच होती. दिसायची नाही हो, तसलं काही नाही. पण दुपारी आतल्या खोलीत पडलेली असावी, तशी. मी मशीनसुद्धा हळू चालवायचो. म्हटलं, झोपू दे, जन्मभर झोप मिळाली नाही बिचारीला. दहा महिने असे गेले. अगदी बरे गेले."

"मग?"

"मग महिन्याभरापूर्वी एका सोमवारी, पावणेआठला, दाराचं कुलूप वाजलं. ती कामावर निघताना वाजायचं तसं. आणि घर रिकामं झालं." त्यांनी वर पाहिलं. "संध्याकाळी परत येते. दमलेली. मला कळतं ते. अहो, आता तिला कामावर काय म्हणून बोलावलंय? आता तरी काय राहिलंय तिच्याकडून घ्यायचं?"

आवाज चढवणारा माणूस नव्हता तो. त्या दिवशी चढला. मास्तरीणबाईंनी मनातल्या मनात दिवस मोजले. चाचण्या महिन्याभरापूर्वीच्या सोमवारी, आठ वाजता सुरू झाल्या होत्या, आणि दिवसाच चालायच्या. पुढच्या सोमवारपासून सेवा चोवीस तास खुली होणार होती.

६

सोमवारी अकराला फीत कापली, बटण दाबलं, टाळ्या झाल्या. बावीस रुग्णालयं, सगळ्या रुग्णवाहिका आणि ज्याच्या हातात फोन आहे असा शहरातला प्रत्येक माणूस आता थेट विचारू शकत होता. दिवसाला चाळीस विचारणा यायच्या, त्या दुपारपर्यंत तासाला नऊशे झाल्या. चार टर्मिनलांवर उरलेल्या तिघी ऑपरेटरांना त्याच दिवशी जावक विभागात पाकिटं चिकटवायला पाठवून दिलं.

उत्तर यायला पाच सेकंद लागत. मंगळवारी तीन. बुधवारी एक.

"बघा, स्वतःच सुधारतंय!" डायरेक्टसाहेब म्हणाले. मास्तरीणबाईंना दिसत होतं की कुणीतरी जिवाच्या आकांतानं घाई करतंय.

दुपारचा पंचवीस मिनिटांचा खंड साहेबांना खपला नाही. उत्तर आलं नाही तर सेकंदाला दहादा पुन्हा विचारायचं, असं त्यांनी दुभाष्याला शिकवलं. कुणी जेवायला बसावं आणि आपण दार बडवत राहावं, तसं. मंगळवारी खंड अकरा मिनिटांवर आला. बुधवारी तो नव्हताच.

शेरेही बदलले. पहिल्या दिवशी 'खिडकीशी', 'पंख्याखाली'. मंगळवारी 'एकेक विचारा'. बुधवारी सकाळी 'जरा थांबा', दुपारी 'पाणी', आणि मग तासन्‌तास नुसतं 'पाठ', 'पाठ', 'पाठ'. खाटा मात्र सगळ्या बरोबर. एकही चूक नाही.

त्यांनी कागद साहेबांपुढे आपटले. "हे वाचा. मोठ्यानं वाचा."

साहेबांनी वाचलं नाही. "शेऱ्याचा रकाना मी काल दुभाष्यातून डायरेक्ट काढून टाकलाय. बाहेर कुणालाच दिसत नाही. फक्त तुमच्या यादीत येतो. म्हणजे अडचण संपली."

"दिसत नाही म्हणून संपली?"

"मॅडम, काम बिनचूक चाललंय. आता आणखी काय हवंय?"

"दुसरं लॉगिन. आज. आत्ता."

"सात सह्या," साहेब म्हणाले, आणि फोन उचलला.

गुरुवारी सकाळी त्यांनी यादी उघडली तेव्हा शेऱ्याचे रकाने रिकामे होते. पानामागून पान रिकामं. त्यांना वाटलं, संपलं एकदाचं. मग एकशे बाराव्या पानावर, रुग्णालय तीनच्या एका साध्या खाटेपुढे, एकच शब्द होता.

'धाकटे'.

७

त्यांना भीती वाटली हे खरं. पण भीतीपेक्षा मोठं काहीतरी उसळून आलं आणि भीतीला त्यानं जागाच ठेवली नाही.

त्या जावक विभागात गेल्या आणि तिघी ऑपरेटरांना म्हणाल्या, "पाकिटं ठेवा. खाली चला."

"साहेबांना विचारलंत?"

"नाही."

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांतली वयस्कर होती, तिनं हातावरचा डिंक पुसला. "चला गं," ती म्हणाली.

दोनच्या सुमारास तिघी आपापल्या टर्मिनलांवर बसल्या. मास्तरीणबाईंनी बावीसही रुग्णालयांना फोन केले: थोडा वेळ नवी सेवा बंद राहील, पूर्वीसारखा फोन करा, कुणाचा रुग्ण ताटकळणार नाही. सगळं जागेवर लागल्यावर तीन वाजता चौथ्या टर्मिनलवर बसून त्यांनी आज्ञा दिली: ऑपरेटर शून्य-सात, बंद.

पडद्यावर हिरवी ओळ उमटली. 'ऑपरेटर कामात आहे. टर्मिनल ७.'

व्यवहार अर्धवट असताना ऑपरेटरला उठवायचं नाही, हा नियम त्यांनीच घातला होता. त्यांनी पुन्हा दाबलं. तेच उत्तर. शेजारची ऑपरेटर वाकून बघत म्हणाली, "सात? अहो, सात तर सुतळीनं बांधून ठेवलंय."

मास्तरीणबाई उठल्या.

कॉरिडॉरमध्ये आवाज आता टक टक असा नव्हताच. पत्र्यावर गारा पडाव्यात तशी एकसंध तडतड चालली होती, आणि तिच्यातून अंगठ्याचे दणके एकामागून एक, श्वास न घेता. त्यांनी दार ढकललं. या वेळी आवाज थांबला नाही. थांबायला सवड नव्हती.

खुर्च्या, टेबल, टर्मिनल, त्याच्या डोक्यावर वायरीचं भेंडोळं, सगळं जागच्या जागी. कीबोर्डवर वर्षाची धूळ बसली होती. फक्त अंक आणि एंटर घासून लखलखीत झाले होते. त्या कळा खाली जात होत्या, वर येत होत्या. खुर्चीतली उशी मधोमध दबलेली होती.

मग त्यांची नजर टर्मिनलच्या विझलेल्या काचेवर गेली. काचेत खोली दिसत होती. मागच्या खुर्च्या, उघडं दार आणि दारात उभ्या त्या स्वतः. आणि त्यांच्या पुढे, अगदी काचेशी, खाली घातलेलं एक डोकं. विरळ झालेला भांग, एक सुटू आलेली पिन. मान वर होईना. कोण आलंय हे तिला कळलं होतं; खांद्यांवरून ते कळत होतं. पण मान वर करायला तिला फुरसत नव्हती.

मास्तरीणबाईंच्या तोंडून शब्द निघाले ते रागानंच. "ऊठ, थोरले! खूप झालं. ऊठ तू. मी बसते."

तडतड थांबली.

इतकी एकदम थांबली, की हॉलमधला फोन वाजत असल्याचं त्यांना आत्ता ऐकू आलं. उशी हळूहळू फुगून वर आली. काचेत आता फक्त त्या होत्या.

'मी बसते' असा शब्द दिला होता. त्या पुढे झाल्या आणि खुर्चीत बसल्या. खुर्ची गरम होती. त्यांनी त्या लखलखीत एंटरवर अंगठा ठेवला आणि दाबला.

"बाई!" हॉलमधून ऑपरेटर ओरडली. "शून्य-सात बंद झालं!"

८

सेवा एक तास पन्नास मिनिटं बंद होती. तिघींनी तेवढ्यात फोनवर दीडशे खाटा दिल्या. डायरेक्टसाहेब जिन्यावरून धावत आले, ओरडले, निलंबनाची भाषा केली. मास्तरीणबाईंनी ऐकून घेतलं नाही. आस्थापना विभागात जाऊन त्यांनी कार्यमुक्तीचा आदेश स्वतः टाइप केला, अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवला आणि सही होईपर्यंत तिथून हलल्या नाहीत.

संध्याकाळी भावोजींचा फोन आला. ते कुजबुजत म्हणाले, "आली. झोपलीय. मी मशीन बंद ठेवलंय." आणि फोन ठेवला.

मास्तरीणबाईंना रडू आलं. जेवताना त्यांनी लेकीला अर्धीमुर्धी हकीकत सांगितली, आणि बऱ्याच दिवसांनी पाठ टेकताच झोपल्या; स्वप्नात मात्र रात्रभर आकडेच आले.

सकाळी फोनवर साहेबांचा निरोप होता, आदल्या संध्याकाळचा. 'सेवा पूर्ववत. सात सह्यांसाठी वेळ नव्हता. तात्पुरतं तुमचं लॉगिन डायरेक्ट वापरलं आहे. आभारी आहे.'

त्यांनी निरोप दोनदा वाचला. मला न विचारता! चहा ओतताना त्यांचा हात थरथरत होता. संतापानं, असं त्यांना वाटलं.

आतल्या खोलीतून लेकीनं विचारलं, "आई, माझा निळा टॉवेल कुठंय गं?"

"रुग्णालय सहा, वॉर्ड दोन, खाट एकोणीस," त्या म्हणाल्या. "भिंतीकडची."

लेक दारात आली. "काय म्हणालीस?"

"कुठं काय?"

"आई, हात बघ तुझा."

त्यांचा उजवा हात ओट्यावर होता. तीन बोटं लयीत आपटत होती, आणि दर थोड्या वेळानं अंगठा. त्यांनी डाव्या हातानं तो घट्ट धरला. बोटं मुठीच्या आत चालूच राहिली.

"आज घरी थांब," लेक घाबरून म्हणाली. "डॉक्टरांना बोलावते."

"डॉक्टर काय करणार?" मास्तरीणबाईंनी पिशवी उचलली. "साहेबाच्या खोलीत जाऊन त्याला ते लॉगिन बंद करायला लावते. अजून जिवंत आहे मी. मला येतं ओरडता." चपला घालताना त्यांचे ओठ हलत होते, मधेच त्या "वॉर्ड आठ" म्हणाल्या, दात आवळले आणि जिना उतरल्या.

सकाळची वेळ, रस्त्यावर माणसांची ये-जा. साहेबांना काय काय सुनवायचं ते त्या मनात जुळवत होत्या, पण दर दोन शब्दांमागे एक आकडा घुसत होता. कोपऱ्यावर पोचेतो त्यांनी नऊ जणांना खाटा दिल्या होत्या. एकही चुकली नव्हती, आणि याचाच त्यांना सगळ्यात जास्त राग आला.